शुभेच्छुकांच्या रांगेतला फोटो

माझा शोधनिबंध छापून आला तेव्हा आमच्या ओवे गावच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. आमच्याकडे वाढदिवस, साखरपुडा, क्रिकेटचे सामने, सगळ्याचा फ्लेक्स लागतो. शोधनिबंधाचा हा पहिलाच. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, पनवेलच्या एका हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर. कुणाच्या मेहरबानीवर झालेली नाही. नाक्यावर गाडी थांबवून मी तो फ्लेक्स मान वर करून वाचला आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

निबंधाचा विषय साधा होता. नैराश्याच्या काही पेशंटना गोळ्या लागू पडत नाहीत, तेव्हा डोक्याला शॉक देतात. सिनेमात दाखवतात तसा नाही. आधी भूल देतात, अंग सैल करणारं औषध देतात. त्या भुलीसाठी कुठलं औषध वापरलं तर माणूस कमी गोंधळून जागा होतो, एवढंच आम्ही तपासलं होतं. जागे झालेले कित्येक जण विचारतात, "कधी देणार?" देऊन झालेला असतो, त्यांना पत्ताच नसतो.

हा विषय मी दादामुळे घेतला. दादा माझा मोठा भाऊ. रेती-खडी पुरवायचा, चार डंपर होते, फोन खाली ठेवायला सवड नसायची. मग हळूहळू फोन वाजत राहिला आणि तो उचलेनासा झाला. जेवण खोलीत, दिवस खोलीत. बाबा गावाला सांगायचे, शुगर वाढली. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी बऱ्याच गोळ्या बदलून पाहिल्या आणि शेवटी शॉक सुचवला. मी कितीतरी रविवार त्याच्या पलंगाशी बसून समजावलं. एकदा म्हणाला, "तू बाजूला उभी राशील ना? मंग येतो." सोमवार ठरला.

फ्लेक्स लागला त्याच्या आधीच्या शनिवारी. बाबांनी हौसेने केला होता. वर माझा फोटो, त्याखाली मोठ्या अक्षरांत 'डिप्रेशनच्या आजारावर संशोधन केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली शुभेच्छुकांची रांग. रांगेत पहिला दादा. आमच्यात घरच्या फ्लेक्सवर थोरल्या मुलाचा फोटो नसला तर घरात भांडण झालं असं गाव धरून चालतं. म्हणून तो लावलाच पाहिजे होता. फोटो चुलतभावाच्या हळदीतला. गॉगल, गळ्यात चेन, तोंडभर हसू.

वहिनी सांगते, रविवारी दादाने आपणहून दाढी केली. चप्पल घालून नाक्यावर सिगारेट आणायला गेला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. टपरीवर बसलेला एक जण म्हणाला, "काय शेट, बहीण डिप्रेशनची डाक्टर आन् खाली फोटू तुमचा. पेशंट तुमीच का काय?" सगळे हसले. बोलणाऱ्याच्या मनात काही नव्हतं. आमच्याकडे असंच बोलतात, दादा स्वतःही असंच बोलायचा. सिगारेट न घेता तो परत आला.

सोमवारी सकाळी मी न्यायला गेले तर तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. बाबा दारात उभे.

"त्याचा फोटू नसता लावला तं लोकं काय बोलली असती, बाय?" ते म्हणाले. "मी तर तुजं नाव केलं."

त्यांचंही खोटं नव्हतं. मी आत जाऊन दादाच्या पायाशी बसले. म्हटलं, लोकांचं राहू दे, गाडी बाहेर उभी आहे.

"आता मी तिथं गेलो तं गावाचं खरंच झालं," तो म्हणाला.

मी बोलत राहिले. निबंधात जे लिहिलं होतं तेच सगळं, सोप्या भाषेत. तो ऐकत होता की नाही कळेना. मध्येच त्याने विचारलं, "भूल दिल्यावर सपनं पडतात?"

"शक्यतो नाही."

"कायच कळत नाय?"

"काहीच नाही."

"मंग तेवढीच दे ना, बाय. बाकीचं कशाला."

इतकी वर्षं मी लोकांना निजवते आणि उठवते. उठवायचं कसं, याच्यावरच मी लिहिलं होतं. त्याच दिवशी मी त्याच्या डॉक्टरांना त्याचं हे बोलणं कळवलं. तेव्हापासून त्याच्या गोळ्या वहिनी कुलपात ठेवते आणि खोलीची आतली कडी काढून टाकली आहे.

फ्लेक्स उतरवून बाबांनी गच्चीवरच्या सामानावर बांधला. निबंध दुसऱ्या डॉक्टरांच्या उपयोगी पडतो, तशी पत्रंही येतात. मी अजून दर रविवारी जाते. सोमवारची वेळ अजून मागून ठेवते. खुर्ची ओढून बसले की दादा वळून माझ्या हाताकडे बघतो.

"भूल आणलीस?"

मी नाही म्हणून मान हलवते. तो परत भिंतीकडे वळतो.