मोटारीची पांढरी खोळ

मागच्या हिवाळ्यात अमरावतीला जुन्या मोटारींचा मेळावा भरला होता. पुतणी मला हौसेनं घेऊन गेली. मैदानात पंधरा-वीस गाड्या ओळीनं उभ्या होत्या. प्रत्येकीपुढे दोरी, दोरीला पाटी : हात लावू नये. मालक मंडळी फेटे बांधून आपापल्या गाडीशेजारी उभी होती, जणू लग्न त्यांचंच आहे. पुतणी म्हणाली, "काकू, जुन्या गाड्यांना आत्मा होता. आताच्या गाड्यांना नाही." आत्मा या वस्तूबद्दल आम्ही बौद्ध माणसं जरा सावध असतो.

एका काळ्या गाडीशी मात्र माझे पाय थांबले. चाकांवर तसेच रुंद पंखे, तशीच दाराखालची पायफळी. काचेतून आत पाहिलं, तर सीटवर कांजी केलेली पांढरीशुभ्र खोळ, कडेला नाड्यांनी बांधलेली. मी दोरी धरली; पाटीत दोरीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. आठवणींनी मला भरून आलं असं पुतणीला वाटलं. तिनं फोटो काढला. त्यात मी घाबरलेली दिसते.

माझे वडील अमरावतीच्या एका कापूस-जिनिंगवाल्याचे ड्रायव्हर होते. माझ्या जन्माआधीपासून ते ती काळी इंग्रजी मोटार चालवत. मोहल्ल्यात मोटार एकच माहीत होती, म्हणून तिला नाव नव्हतं. नुसतं 'मोटार' म्हटलं की पुरत असे. सकाळी ती हँडल मारून सुरू करावी लागे. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, पलीकडून गुंडाळायचा नाही. इंजिनानं उलटा झटका दिला तर मनगट जातं. बाबांनी हे मला शिकवलं, तेव्हा मला हँडल उचलतही नव्हतं. वळायच्या वेळी गाडीच्या खांबातून एक छोटासा तांबडा हात बाहेर यायचा, आणि वळण झालं की कधीकधी आत जायचं विसरायचा. मग बाबा खिडकीतून त्याला एक चापट मारत.

मालकांची मुलगी अकोल्याला दिली होती आणि मालकांची संत्र्याची बाग शेंदूरजनाघाटला होती. त्यामुळे हिवाळ्यात दोन-तीनदा मोटार संत्र्यांच्या पेट्या घेऊन अकोल्याला जाई आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी परत येई. माझी मावशी अकोल्यालाच, रेल्वे रुळांपलीकडे राहायची. मालक बाबांना म्हणाले होते, "रिकामी सीट कायले नेतं? घरच्याले घेऊन जात जा." त्यांच्या या मोठेपणाची आमच्या मोहल्ल्यात बरीच चर्चा होती.

पेट्या डिकीत आणि पुढच्या सीटवर. मागची सीट माझी आणि मायची. आम्ही बसण्याआधी बाबा एक काम नेमानं करत. मागच्या सीटच्या पांढऱ्या खोळीच्या नाड्या सोडत, तिची चार पदरी घडी घालत आणि ती डिकीत एका पेटीवर ठेवत. मग आम्ही बसायचो, थेट चामड्यावर. लालसर, थंड, गुळगुळीत चामडं. हिवाळ्याच्या सकाळी अंगावर काटा यायचा, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत ते आमच्याइतकंच गरम झालेलं असायचं. मला मालकांच्या घरच्या माणसांची कीव यायची. एवढी मोठी मोटार, आणि बिचारे कापडावर बसतात. त्यांना खालच्या चामड्याचा पत्ताच नाही. माझी खात्री होती, की बाबांनी ही सोय खास आमच्यासाठी, मालकांना न कळू देता केली आहे.

हे सगळं मी आज हसत लिहिते आहे, पण इतकं उलटं समजायला मूलच लागतं.

छप्पनच्या दसऱ्याला बाबांनी सुट्टी मागितली. दसऱ्याला ड्रायव्हरनं सुट्टी मागणं म्हणजे भटजीनं लग्नाच्या दिवशी मागण्यासारखं. त्या दिवशी मोटारीची पूजा असते. मालकांनी दिली. त्या वर्षी मोटारीला झेंडूचा हार मुनिमानं घातला. बाबा नागपूरला गेले, आले, आणि आल्यावर घरातले देव एका टोपलीत घालून नदीला नेऊन दिले. मायनं विचारलं, "सगळेच?" बाबा म्हणाले, "आपन कोनापेक्षा कमी नाही. आता कोनाले काही मागाचं नाही." तेव्हापासून आमच्या घरात मान जरा ताठ ठेवून जेवायची पद्धत पडली.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, मी अकरा वर्षांची असताना, आम्ही असेच अकोल्याला गेलो. मावशीकडे उतरण्याआधी पेट्या मालकांच्या मुलीकडे द्यायच्या होत्या. बाबा पेट्या आत नेत होते, माय रस्त्याच्या कडेला पाय मोकळे करत होती, मी गाडीतच बसून होते. ताई, म्हणजे मालकांची मुलगी, बाहेर आली. चांगली बाई. माझ्या हातात तिळाचा लाडू ठेवून म्हणाली, "काय वं, मोठी ऐटीत बसली."

मी म्हटलं, "आमची सीट तुमच्यापेक्षा चांगली राहते. तुमी कापडावर बसता. आमच्यासाठी बाबा खोळ काढून ठेवतात."

ताई हसली. "अवो वेडे, काढावीच लागते ना. नाहीतर माझी माय मंग त्याच्यावर कशी बसन?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. दूध उतू जातं म्हणून झाकण काढून ठेवावं लागतं, असं सांगावं तसं तिनं सांगितलं, माझा गाल ओढला आणि आत गेली. मी पुढच्या सीटकडे पाहिलं. तिथली खोळ तशीच होती. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत तिच्यावर संत्री बसून आली होती.

तो लाडू मी खाल्ला नाही. टाकलाही नाही. मावशीच्या घरापर्यंत तो मुठीत धरून ठेवला आणि हात चिकट झाला, एवढं आठवतं. दुपारी जेवताना मी सगळं सांगून टाकलं. मावशीनं भाकरी थापायची थांबवली. मायनं बाबांकडे पाहिलं.

"तुमाले कोनं सांगतलं होतं काढाले?"

"कोनं नाही."

"मालकानं?"

"नाही म्हनलं ना. कोनं नाही."

"मंग कावून काढता?"

बाबांनी भाजीत भाकरी बुडवली आणि तशीच धरून ठेवली. "सांगाच्या आदी काढलेली बरी. सांगतल्यावर काढावी लागली असती, त मंग काय राहिलं असतं?"

मला बसलेला खरा धक्का हा. ताईचं बोलणं त्यापुढे काहीच नव्हतं. जो माणूस घरचे देव टोपलीत घालून नदीला पोचवून आला, तो कुणी न सांगता दर खेपेला खोळ काढत होता, आणि घडी नीट घालत होता. मी बाबांकडे पाहिलं तर ते मला अनोळखी वाटले. अकरा वर्षांच्या मुलीला बाप अनोळखी वाटणं ही फार वाईट गोष्ट आहे. वाईट अशी, की त्यांची सगळी कारणं मला समजत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी हँडल मारलं, मोटार सुरू झाली, आणि माय गाठोडं घेऊन दाराशी उभी राहिली. बसेना.

"खोळ घाला," ती म्हणाली.

"इथं रस्त्यावर?"

"हो."

"लोक पाहून राहिले."

"पाहू द्या. नाहीतर मी बसनं येतो."

"नोकरी जाईन माही," बाबा हळूच म्हणाले.

"जाईन. मले माहीत हाय."

इंजिन चालूच होतं. बाबांनी डिकी उघडली, घडी मोडली आणि नाड्या बांधू लागले. एक गाठ त्यांना तीनदा बांधावी लागली. आम्ही बसलो.

खोळ अगदीच गैरसोयीची निघाली. कापड चामड्यावरून सरकायचं, आणि त्याच्यासोबत आम्ही. काटेपूर्णेच्या पुलाआधीच्या वळणावर मी मायच्या अंगावर गेले आणि माय दारावर. एवढ्याचसाठी? असं मला वाटलं. माय मात्र हातानं सीट घट्ट धरून बडनेऱ्यापर्यंत समोर पाहत बसली होती. बोरगावला रेडिएटर तापला, बाबांनी विहिरीचं पाणी आणून घातलं.

परवा पुतणीची नवी गाडी पाहिली. तिची दारं आपोआप लागतात, ती वळायचं कुठे हे बाईच्या आवाजात सांगते, आणि सीटवरचं कारखान्याचं प्लॅस्टिक वर्ष झालं तरी पुतणीनं काढलेलं नाही. पन्नास वर्षांनी या गाडीसाठी कुणाच्या डोळ्यांत पाणी येईल का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, ते गाडीला विचारून उपयोग नाही. तिच्यात कोण कुठे बसलं, आणि कोण बसलं नाही, ते विचारायला पाहिजे. तिला हे उत्तर आवडलं नाही. तिला आत्म्याबद्दल बोलायचं होतं.

त्या दिवशी बाबांनी आम्हाला मोहल्ल्याच्या तोंडाशी उतरवलं आणि चुरगळलेल्या खोळीसकट मोटार घेऊन मालकांकडे गेले. माय ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. तेच तांदूळ तिनं दोनदा निवडले. ऊन कलल्यावर बाबा आले, चपला काढल्या आणि भिंतीला टेकून बसले.

"सांगतलं?" मायनं विचारलं.

"सांगतलं. म्हनलं, आज माह्या घरचे खोळीवर बसून आले, आन् इथून पुढं तसेच बसतीन."

"मंग?"

"मालक म्हने, अरे, मी कवा म्हनलो होतो काढाले?"

बाबा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "दर खेपेले पाहे थो मानूस. माह्या हातात घडी पाहे. इतके वर्स. आन् म्हने, मी कवा म्हनलो."

"मंग बसू देतो म्हनला का नाही?"

"देतो म्हनला. बस म्हने, माही काही हरकत नाही. फक्त बाईले सांगू नोको."

"आन् तुमी?"

"मागच्या दारानं गेलो आन् बाईले सांगून आलो."

मायच्या हातातलं सूप थांबलं. मीही उंबऱ्यातच उभी राहिले. बाबा मालकिणीशी उभ्या जन्मात दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलले नव्हते, आणि तीही 'हो' आणि 'आणतो' अशीच होती.

"काय म्हनली?"

"काहीच नाही. खोळ मागून घेतली. माह्यासमोर टराटरा फाडली, आन् फडके केले. मले दिले. घे म्हने, गाडी पुसाले होतीन."

"घेतले तुमी?"

"घेतले. कापड चांगलं होतं. त्याच फडक्यानं मोटार पुसली, पुढून-मागून, काचासुदिक. मंग फडके धुतले, वाळू घातले, आन् किल्ली मुनिमाजवळ ठेवली."

माय उठली. तांदूळ बाजूला सारले. माझ्याकडे वळून म्हणाली, "पानी दे बाबाले," आणि चूल पेटवायला आत गेली. मी गडव्यातून पाणी दिलं. बाबांनी ते एका दमात पिऊन टाकलं आणि मला विचारलं, की सरकारी बसच्या ड्रायव्हरच्या अर्जात शिक्षण किती लिहावं लागतं, आणि तो अर्ज मला लिहिता येईल का.