माघारी गेलेलं ताट

बोरिशच्या तोंडाला लागू नये, हे आमच्या गावात पाद्रीबाबांपासून टपालवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. बाई वाईट नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात गावभरच्या पोरांचं जेवण रांधते आणि वाढताना कुणाच्या ताटलीत हात आखडत नाही. पण कुणाकडून वाटीभर साखर उसनी आणली, तर ती परत करेपर्यंत बाईला चैन पडायचं नाही. मिंधेपणा म्हणून जो काही प्रकार असतो ना, त्याची तिला लहानपणापासून शिसारी.

आणि अशा बाईच्या राशीला कर्ज यावं, तेही दुसऱ्याचं. दीर गेझा यानं पतपेढीतून पैसे काढून ट्रक घेतला आणि जामीन म्हणून बोरिशच्या नवऱ्यानं, व्हेन्देलनं, सही ठोकून दिली. भाऊच तो, नाही कसं म्हणायचं? गेझा ट्रक घेऊन जर्मनीला गेला तो गेलाच. हप्ते तेवढे मागे राहिले. बोरिशनं एका रविवारी प्रार्थनेहून आल्यापासून दिवे लागेपर्यंत नवऱ्याची हजेरी घेतली, आणि त्यानंतर त्या सहीबद्दल चकार शब्द काढला नाही. व्हेन्देल मात्र तेव्हापासून पार्सल घेतानाही टपालवाल्याला म्हणायचा, "थांब, बोरिश येऊ दे, तीच सही करेल."

तीन वर्षं त्या घरानं पोट मारून हप्ते भरले. या शरदात अक्रोड वेचून झाले, त्या संध्याकाळी बोरिशनं टेबलाशी जाहीर केलं, "नाताळाच्या आत सगळं फेडायचं. त्या रात्री आपण टेबलाशी बसू तेव्हा कुणाची एक दमडी आपल्यावर असता कामा नये. आणि नाताळ नीट करायचा. रडका नाही."

"कशानं फेडायचं?" व्हेन्देलनं विचारलं.

"डुक्कर विकून."

व्हेन्देलचा चमचा हातातच राहिला. कोपऱ्यात घेवडा सोलत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. आमच्याकडे पोरगं बिनलग्नाचं राहिलं तरी चालतं, पण डुकराशिवाय नाताळ म्हणजे लोक काय म्हणतील?

"अगं, मग धुरी द्यायला धुराड्यात टांगायचं काय?" सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याला?"

"त्यांच्यात चरबी कुठं राहिलीय, आई," बोरिश म्हणाली. "तुम्ही काळजी करू नका. खसखस परसातली आहे, अक्रोड झाडाचे आहेत, मध तुमच्या भावानं दिलाय, त्याला मी मोजे विणून दिलेत. नाताळाच्या आदल्या दिवशी आपला उपासच असतो. घेवड्याचं सूप, खसखस घातलेला मधाचा पाव, अक्रोडाचा रोल. यात डुक्कर कुठं लागतं?"

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी कोंबडा."

तो कोंबडा त्या वेळी दारातून आत डोकावत होता, असं व्हेन्देल अजून सांगतो.

बोरिश एकदा ठरवलं की मागे फिरणारी नव्हे. थंडी सुरू झाल्यावर व्यापारी आला, डुक्कर गाडीत चढवून घेऊन गेला. ती पैसे रुमालात बांधून तशीच तालुक्याच्या गावी गेली आणि पतपेढीच्या खिडकीत तो रुमाल सोडला. आतल्या मुलीनं पैसे मोजले, शिक्का मारला आणि म्हणाली, "अभिनंदन, मावशी. पुन्हा या."

"तोंड सांभाळून बोल," बोरिश म्हणाली, आणि बाहेर येऊन एकटीच हसली. येताना तिनं साखर घेतली आणि पातळ पांढरा कागद घेतला. नाताळाच्या झाडाला टांगायच्या साखरेच्या वड्या दुकानात डब्यांनी मिळतात, पण त्यांचा भाव बघितलात का? तिनं घरीच पाक केला, व्हेन्देलला पातेलं धरायला बसवलं, थोडा कोको, थोडा लिंबाचा रस. कागदाच्या टोकांना कात्रीनं झालरी पाडायचं काम सासूबाईंकडे. मुलगी पिरी बुडापेस्टला हॉटेलात चादरी धुण्याच्या खात्यात होती, ती फोनवर म्हणाली, "आई, येताना मी विकतच्या आणते की." बोरिश म्हणाली, "तू फक्त स्वतःला आण."

एकूण काय, सगळं तिच्या मनासारखं चाललं होतं. घर लख्ख, पोतं भरून अक्रोड, डोक्यावर कर्जाचा छदाम नाही. ती गल्लीतून चालायची तेव्हा वाटायचं, गाव हिनंच बांधलंय.

आणि मग एतेल्काचं ताट आलं.

एतेल्का म्हणजे कुंपणापलीकडची शेजारीण. नवरा बालिंट जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा शेजारच्या गावात. दोघींच्या परसांच्या मधल्या कुंपणाला एक फळी मुद्दामच कधी ठोकलेली नव्हती, कारण दिवसातून दहादा कोण रस्त्यानं फिरून जाणार? पाव भाजायला ती इकडे, लोणचं घालायला ही तिकडे. नव्या पडद्यांच्या रंगावरून दोघी एकदा आठवडाभर बोलल्या नव्हत्या, पण तेव्हाही त्या फळीच्या फटीतून ये-जा चालू होती, नुसती न बोलता.

त्या दिवशी पहाटे एतेल्काकडे डुक्कर कापलं. तिचा मुलगा आला होता, आवारात शेकोटी, कढया, वाफा. आमच्याकडे रीत अशी की डुक्कर कापलं की संध्याकाळी शेजारीपाजारी आणि नात्यात एकेक ताट जातं. ताजं सॉसेज, रक्त आणि भात भरलेलं काळं सॉसेज, तळलेल्या चरबीचे तुकडे, मांसाचा एखादा बरा तुकडा. याला आम्ही नुसतं 'चव' म्हणतो. ज्याच्याकडे चव जाते, तो आपलं डुक्कर कापतो तेव्हा तेवढीच परत पाठवतो. कुणी लिहून ठेवत नाही, पण विसरतही कुणी नाही.

बोरिश कणीक मळत होती. एतेल्का फळीतून आली, वर रुमाल झाकलेलं ताट दोन्ही हातांत. "घे," ती म्हणाली, "काळं यंदा झकास झालंय. मिरी जरा पुढे आहे, पण व्हेन्देलला आवडते."

बोरिशनं पिठाचे हात तसेच धरले. ताट घेतलं नाही.

"एतेल्का, राग मानू नकोस. हे मी ठेवून घेणार नाही."

"म्हणजे?"

"यंदा आमच्याकडे डुक्कर नाही. मग परत काय पाठवू? आणि मी ठरवलंय, या नाताळात मला कुणाचं काही लागायचं नाही. कुणाचं म्हणजे कुणाचंच."

एतेल्का उभीच राहिली.

"ताट माघारी नेऊ?"

"ने."

एतेल्कानं रुमाल नीट केला आणि गेली. फळीतून नाही, पुढच्या दारानं, रस्त्यावरून वळसा घालून. दुसऱ्या दिवशी सकाळी बोरिश कोंबड्यांना दाणे टाकायला गेली, तर कुंपणाच्या त्या मोकळ्या जागी तार बांधलेली. चांगली दोन पदरी, पक्कडीनं पिळलेली.

"बघा बाई," बोरिश घरात येऊन म्हणाली, "एवढं काय बोलले मी? खरं तेच बोलले ना?"

सासूबाई म्हणाल्या, "खरं बोललीस गं. पण ताट माघारी पाठवणं म्हणजे आपल्याकडे काय असतं, हे तुला मी सांगायचं?"

सांगायची गरज नव्हती. ताट दोनच वेळा माघारी जातं. घरात सुतक असेल तर, नाहीतर कायमचं बिनसलं असेल तर.

गाव लहान, आणि गावाला दुसरा उद्योग नाही. चार दिवसांत सगळीकडे झालं, बोरिशला चव चालत नाही. मग कुणाचीच ताटं आली नाहीत. बोरिश म्हणायची, बरंच झालं, डोक्याला ताप नाही. पण पाव भाजला की सवयीनं दोन करायची आणि दुसऱ्याकडे बघत बसायची. रविवारी चर्चमध्ये एतेल्का पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. बोरिशच्या शेजारी तिची जागा रिकामी, तिथं कुणाचं तरी पोर पाय हलवत बसलं होतं. सगळी प्रार्थना बोरिश त्या पोराच्या बुटांकडे बघत होती. तिला वाईट वाटत होतं. फार वाईट वाटत होतं, आणि आपण चुकलो कुठं हे कळत नव्हतं, म्हणून रागही येत होता.

नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारी पिरी आली. झाड उभं केलं, वड्या टांगल्या, त्यातल्या चार व्हेन्देलनं लपून खाल्ल्या. सूप चुलीवर, सफरचंद पुसून ठेवलेलं, चौघांत कापायला. ठरवलं होतं तसंच सगळं. बोरिश टेबलावर चादर घालत होती आणि त्याच त्याच सुरकुतीवरून हात फिरवत होती.

व्हेन्देल खुर्चीत बसला होता. तीन वर्षांत त्यानं बायकोला उलट उत्तर केलं नव्हतं. त्या सहीनंतर कुठल्या तोंडानं करणार? पण त्या दिवशी बोलला.

"बोरिश, त्या पतपेढीतल्या मुलीशी तुझं पटलं नसतं तरी आपलं काही अडलं नसतं."

"मग?"

"एतेल्काशिवाय कसं चालेल तुझं?"

बोरिशनं चादर सोडली. एरवी तिनं त्याला तिथंच गप्प केलं असतं. यावेळी मांडणीवरचा अक्रोडाचा रोल उचलला, रुमालात गुंडाळला आणि डोक्याला शाल बांधली.

"रोल ठेव तो," सासूबाई म्हणाल्या.

"का?"

"तू तो घेऊन जाशील, ती ताट देईल, आणि तू म्हणशील फिटंफाट झाली. पुन्हा तेच दुकान. हात हलवत जा. पोरं जातात ना खिडक्यांशी गायला, त्यांच्या हातात काय असतं?"

आमच्याकडे त्या संध्याकाळी पोरं घरोघरी खिडकीखाली उभी राहतात, "देवाचं गाऊ का?" म्हणून विचारतात आणि आतून हो आलं की गातात. मग त्यांना अक्रोड मिळतात, सफरचंद मिळतं, सॉसेजचं टोक मिळतं. मोठं माणूस कुणी जात नाही. निदान बोरिशएवढं मोठं तरी नाही.

ती रिकाम्या हातांनी गेली. बर्फात उभी राहून तिला ते हात कुठं ठेवावेत कळेना, शेवटी शालीत खुपसले. एतेल्काच्या स्वयंपाकघरात दिवा होता.

"देवाचं गाऊ का?"

आतली खुडबुड थांबली.

"कोण आहे?"

"गाणारे."

"किती जण?"

"एकच."

"आवाज तर बैलासारखा आहे," एतेल्का आतून म्हणाली. "कुणाचं गं पोर तू?"

"गाऊ की नको?"

"गा. पण सगळं गा. अर्धवट चालायचं नाही."

बोरिशला गाता येत नाही. चर्चमध्येही ती ओठ हलवते. तरी तिनं सूर लावला. पहिलं कडवं रेटून नेलं, दुसऱ्यात मेंढपाळ आले आणि पुढचे शब्दच गेले. ती पुन्हा मेंढपाळांपासून सुरू झाली, पुन्हा तिथंच अडली. तिसऱ्या खेपेला आतून एतेल्कानं पुढची ओळ धरली, आणि दोघींनी भिंतीच्या दोन बाजूंनी गाणं कसंबसं शेवटाला नेलं.

खिडकी उघडली. एतेल्काचे डोळे लाल होते, पण तोंड कडकच.

"बालिंट अंथरुणाला खिळला होता ती वर्षं आठवतात तुला?" ती म्हणाली.

"न आठवायला काय झालं?"

"तीन हिवाळे. माझ्या गोठ्यात डुक्कर नव्हतं. तू दर वर्षी ताट पाठवलंस. पहिल्यांदा मी म्हटलं, बोरिश, माझ्याकडे परत द्यायला काही नाही. तू काय म्हणालीस, सांगू?"

बोरिशला खरंच आठवत नव्हतं.

"म्हणालीस, गप गिळ. आणि मी गिळलं. तीन वर्षं. तो गेला, मग पुन्हा डुक्कर पाळायला लागले, तेव्हापासून वाट बघतेय, कधी तुझ्याकडे नसेल. तुझ्याकडे कायमच असायचं. ताटाला ताट, ताटाला ताट, माझी ती तीन तशीच अंगावर. यंदा तू डुक्कर विकलंस. देवाची शपथ, मला आनंद झाला. म्हटलं, आता माझी पाळी." तिचा आवाज फुटला. "पतपेढीचं फेडलंस तर मान वर करून गावभर फिरलीस. माझं फेडायला आले, तर दारातून घालवलंस. मी काय जन्मभर तुझी देणेकरीण राहू?"

बोरिशचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून काही आलं नाही. गावानं हे पाहायला हवं होतं.

एतेल्का आत गेली आणि ताट घेऊन आली. तेच, थंड खोलीत झाकून ठेवलेलं. तिनं ते खिडकीतून पुढे केलं. बोरिशनं शालीतून हात काढले आणि दोन्ही हातांनी घेतलं. ती नुसती म्हणाली, "मिरी पुढे आहे म्हणालीस ना?"

"खाऊन बघ उद्या."

घरी आल्यावर तिनं ताट टेबलाच्या मधोमध ठेवलं. व्हेन्देलचा हात लगेच रुमालाकडे गेला आणि सासूबाईंनी त्यावर चमचा मारला, उपास अजून सुटायचा होता. पिरीनं विचारलं, "आई, हे काय? तू तर म्हणाली होतीस, या नाताळात कुणाचं काही घ्यायचं नाही."

"हे एतेल्कानं दिलंय," बोरिश म्हणाली. "अजून दोन वर्षांचं यायचंय."

मग ती खुर्चीत बसली, शाल न काढता, आणि सगळ्यांसमोर रडली.