पाचवा दगड

आलापल्लीकडच्या आमच्या जंगलात माणूस अवचित मेला, की त्या जागी येता-जाता एक दगड ठेवायचा. माझ्या शेजारच्या सोमारीबाईच्या नवऱ्याला वाघानं नेलं, तिथे ती बावीस वर्षं दगड ठेवत आली आहे. हसणारे हसले, तिनं सोडलं नाही.

मागच्या पावसाळ्यात दाट धुक्यात एक लहान विमान डोंगरावर आदळलं. बांबूचे कोंब काढायला गेलेली सोमारीबाई सगळ्यांच्या आधी तिथे पोचली. कोणीच जिवंत नव्हतं. तिनं प्रत्येकाच्या उशाला एकेक, असे पाच दगड ठेवले.

तिसऱ्या दिवशी चौकशीला आलेल्या साहेबानं हातातला कागद पाहिला. "विमानात चौघंच होते. पाचवा दगड कोणाचा?"

"पिकल्या दाढीवाल्याचा. त्याले कुठी नेलं?"

"बाई, मोजण्यात चूक झाली तुमची. धुकं होतं ना."

"धुकं डोंगरावर होतं साहेब, माह्या डोळ्यात नाई."

पाचापर्यंत मोजायला काय शाळा लागते?

साहेब गेल्यावर ती पुन्हा वर चढली. दगड चारच उरले होते. पाचवा खाली ओढ्यात भिरकावलेला दिसला. तिनं तो उचलून जागेवर ठेवला आणि घरी येऊन मला एवढंच विचारलं, "मी मोजाले चुकली, तर दगड काऊन फेकला?"