अंगणवाडीच्या फाइलीतला नवा रकाना

आमच्या पनवेलच्या कार्यालयात बांधकामाच्या प्रस्तावात एक नवा रकाना आला: ‘हवामान जोखीम: आहे / नाही’. ते ठरवायचं कसं, हे कुणीच सांगितलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने तोडगा काढला, ‘आहे’वर काट मारायची, म्हणजे ‘नाही’ उरतं. गटार असो, स्मशानाची शेड असो, काट. मीही तेच करत आलो. कनिष्ठ अभियंत्याने फार डोकं चालवू नये, असं आमच्याकडे मानतात.

मग खाडीकडच्या एका गावातल्या अंगणवाडीचा प्रस्ताव आला. जागा बघायला गेलो तर मुलं देवळाच्या ओट्यावर बसलेली, ऊन आलं की सरकणारी. तिथली मदतनीस मावशी मिठागरवाल्यांच्या घरातली. मी टेप धरून मापं घेत होतो, तेव्हा ती सहज म्हणाली, “साहेब, पुनवेच्या उधानाला इथं पानी चढतं, माहीत हाय ना?”

“किती चढतं?”

“सासू सांगायची, गुडघ्याएवढं. आता आजूबाजूला भराव झालाय. कदी येतं, कदी नाय.”

‘कधी येतं, कधी नाही’ याला रकाना नव्हता.

“मग इथे बांधू नये म्हणता?”

“मी कुठं म्हनते? दुसरी जागा कुठं हाय? पोरं तर रोज येतात.”

‘नाही’ लिहिलं तर खोली यंदाच उभी राहणार, मग उद्या पाण्यात का असेना. ‘आहे’ लिहिलं तर फाइल अभिप्रायाला वर जाणार आणि कधी परत येईल याचा नेम नाही. इकडे आड, तिकडे विहीर. आठवडाभर मी पेन्सिलने लिहीत आणि खोडत राहिलो. शेवटी ‘आहे’ लिहिलं आणि जोतं तीन फूट उचलावं, अशी शिफारस जोडली. सहकारी म्हणाला, “आता तू वेधशाळेतच नोकरी धर.”

दोन पावसाळे झाले, फाइल वरच आहे. उधाणं आली आणि गेली, त्या जागेवर पाणी चढलं नाही. मध्यंतरी मावशी भेटली. म्हणाली, “साहेब, पानी पन नाय आलं, अंगनवाडी पन नाय आली.” तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

मी बरोबर केलं की चूक, अजून कळत नाही. पौर्णिमा आली की मी तिकडे चक्कर मारतो. पाणी येऊ नये, असंच वाटायला हवं. पण एकदा तरी गुडघाभर यावं, असं मनात येतं, म्हणजे मी खरा ठरेन. मग ओट्यावर सरकत बसलेली मुलं दिसतात, आणि माझी मलाच लाज वाटते.