अर्थवाले बाबूजी

शाळेत शिपायाचं काम करणारी दाई रामप्यारी टांग्यातून उतरली तेव्हा मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. "बाईसाब, बाबूजी गिर पड़े," एवढंच ती म्हणाली. पडले म्हणजे गुडघा फुटला असेल, कोपर खरचटलं असेल, असं धरून मी आत गेले, फडताळातून आयोडीनची बाटली आणि कापूस घेतला आणि आईला म्हणाले, "आबा पडलेत वाटतं, घेऊन येते." शाळेत चित्रकलेच्या वर्गात दोन बाकं जोडून त्यांना निजवलं होतं. पायात जोडे तसेच होते. "कुठं लागलंय?" मी विचारलं. मुख्याध्यापिका बड़ीबाईंनी माझ्या हातातली बाटली हळूच काढून घेतली, तेव्हा मला कळलं. सव्वा महिना झाला. दुपारी चार वाजले की अजून वाटतं, काहीतरी गफलत झाली आहे, ते दुसरंच कुणी होतं, आबा आत्ता पालक मंडळाच्या सभेहून येतील आणि चहा गार का म्हणून आवाज चढवतील.

फाटकाशी उभे राहून ते सूचना वाचत होते म्हणे. स्नेहसंमेलनाची सूचना, हिंदीतली. एक ओळ हिंदीत वाचायची, मग "म्हणजे" म्हणून तिचा अर्थ मराठी आयाबापांना सांगायचा, हा त्यांचा शिरस्ता. ओळ वाचून झाली, "म्हणजे" म्हणाले, आणि पुढे बोललेच नाहीत. समोरच्या बायका अर्थाची वाट पाहत उभ्याच राहिल्या.

आबा, म्हणजे माझे वडील, संस्थानाच्या फौजेच्या कचेरीत होते. संस्थानं मोडली, मध्यभारत झालं, फौज गेली आणि आबा अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पेन्शनीत निघाले. हुकूम सोडायची सवय मात्र पेन्शनीत निघाली नाही. ते ऐकायला आई, थोरली बहीण कुसुमताई आणि मी अशा तिघीच उरलो. हिंदी त्यांना येत होती, पण ती बाजारातली. 'भाव बराबर लगाओ', 'टांगा इधर रोको', इतपत. कचेरीतलं सगळं काम मराठी नाही तर इंग्रजी. आता सरकारचे आणि शाळेचे कागद शुद्ध हिंदीतून यायला लागले. त्यातले शब्द सगळे आपलेच वाटायचे, पण सासरी राहून आलेल्या मुलीसारखे जरा निराळे वागायचे. आबांना ते मान्य नव्हतं. शब्द ओळखीचा आहे ना, मग झालं, असा त्यांचा खाक्या.

ताई तेव्हा दहावीत होती, सतरा वर्षांची, आणि शाळेच्या छात्रा मंडळाची, म्हणजे विद्यार्थिनींच्या मंडळाची, मंत्री, आपल्याकडची चिटणीस. आमच्या रामबागेतल्या काय आणि मागच्या मोहल्ल्यांतल्या काय, मुली आठवी झाली की घरी बसायच्या, कारण एवढ्या लांब एकटीला धाडणार कोण? ताईच्या मंडळाने गल्लोगल्लीच्या मुलींच्या टोळ्या केल्या. सगळ्यांनी मिळून निघायचं, मिळून परतायचं, आणि पुढे मोठ्या दोघींनी चालायचं. त्या एका युक्तीने त्या साली आमच्या मोहल्ल्यातल्या मुली नववीला टिकल्या. ताई घरोघर जाऊन आयांना पटवायची, अर्धं मराठीत, अर्धं माळवीत, आणि घरी येऊन त्यांच्या नकला करून आईला हसवायची. मॅट्रिक होऊन मास्तरीण व्हायचं, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं.

आणि एक दिवस मंडळ सांभाळणाऱ्या बहनजींचं पत्र आबांच्या नावानं आलं. आबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग ताईला हाक मारली. मी अकरा वर्षांची होते, दाराआड उभी होते. "थेरं करायला पाठवतो का आम्ही तुला?" आबा ओरडले. ताई म्हणाली, "आबा, मी काही केलं नाही हो." "म्हणजे शाळा खोटं लिहिते?" ताईनं पत्र मागितलं, ते त्यांनी दिलं नाही. टोपीखाली घडी करून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून ताईची शाळा बंद. आई दोन दिवस जेवली नाही, पण आबांसमोर बोलायची तिची प्राज्ञा नव्हती. तिसऱ्या महिन्यात देवासच्या घरी ताईचं लग्न झालंसुद्धा. मांडवात तिच्या टोळीतल्या मुली आल्या होत्या, एका मागोमाग एक, शाळेला निघाल्यासारख्या.

पुढं दोन वर्षांनी मी त्याच शाळेत आठवीत होते. पालक मंडळाची सभा होती आणि आम्ही छात्रा मंडळाच्या मुली पाण्याचे पेले फिरवत होतो. आबा सभेला कधी जात नसत, त्या दिवशी आईनं गळ घातली म्हणून आले. बड़ीबाई भाषणात म्हणाल्या, "पालकों की चेष्टा के बिना हमारी शाला कुछ भी नहीं है।" आबा ताडकन उठले. "बड़ीबाई साब, हम लोग इधर चेष्टा करने को नहीं आते! कामं टाकून येतात लोक!" मागे कपड्याचे व्यापारी मांगीलालजी बसले होते, त्यांची मुलगी माझ्याच वर्गात. ते हसत म्हणाले, "अरे भिया साब, नाराज मती हो। चेष्टा माने कोसिस!" सगळी सभा खो खो हसली. मीही हसले, पेला हिंदकळेपर्यंत हसले. आबा हसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी मांगीलालजींना अगदी हळू आवाजात विचारलं, "और शिक्षा?" "सिक्सा माने पढ़ाई-लिखाई, और काई!" आबा खाली बसले. पाणी द्यायला गेले तर त्यांनी पेला घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला. सभा संपली तरी तो भरलेलाच होता.

त्यानंतर त्यांना जे वेड लागलं, त्याची आम्ही घरात फार थट्टा केली. माझी हिंदी वाचनमाला घेऊन ते पहाटेपासून बसायचे. मी त्यांना शुद्धलेखन घालायचे, चुका मोजायचे आणि आईला जोरात वाचून दाखवायचे. मंडळाच्या प्रत्येक सभेआधी अर्धा तास ते फाटकाशी हजर. एकही हिंदी कागद अर्थ सांगितल्याशिवाय मराठी घरात जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा नवा हुकूम. मुली त्यांना अर्थवाले बाबूजी म्हणू लागल्या. माझं मॅट्रिक होऊन दोन वर्षं झाली, मी कॉलेजात गेले, तरी त्यांचं जाणं सुटलं नाही. "आबा, आता तुमचं कोण आहे त्या शाळेत?" असं मी चिडवायचे. ते टोपी चढवून चालू लागायचे. वर्षातून दोनदा देवासला ताईकडे जायचे आणि परत आले की आईजवळ पुटपुटायचे, "या खेपेलाही बोललो नाही." काय बोलायचं होतं, हे विचारलं की "काही नाही" म्हणून पंचांग उघडायचे. आम्हाला वाटायचं, जावयाशी काही बिनसलं असेल.

तेरावा झाला आणि ताई आणि मी त्यांची ट्रंक उघडायला बसलो. पेन्शनचे कागद हवे होते. तळाशी एक पाकीट होतं आणि एक वही. पाकिटात ते पत्र. मी पहिल्यांदाच वाचलं. 'आपकी कन्या कुसुम ने छात्रा मंडल के कार्य में बहुत चेष्टा की है। उसकी आगे की शिक्षा के विषय में हम आपसे मिलना चाहते हैं।' एवढंच? एवढ्यासाठी? पोरीचं कौतुक केलं होतं, तिला पुढं शिकवा म्हणून सांगायचं होतं... ताईच्या हातात ते द्यायचा धीर होईना.

"दे इकडे," ताई म्हणाली. घेतलं, पण उघडलं नाही. "माहीत आहे मला. त्याच संध्याकाळी टोपीखालून काढून वाचलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते गं. सकाळी गेले, तर ओसरीवर चार माणसं बसलेली. आबा त्यांना सांगत होते, हिंदी झाली म्हणून काय झालं, आपलं कुठं अडत नाही. त्यांच्यासमोर कशी सांगू, की आबा, तुम्हाला वाचता आलं नाही? म्हटलं, बहनजी येतील, त्याच सांगतील. बहनजींची ग्वाल्हेरला बदली झाली. मग देवासची मंडळी बघायला आली... एवढंच सलतं. मी टवाळ होते असं मनात धरूनच आबा गेले."

मी वही उघडून तिच्यापुढे सरकवली. आबांचं ते जाड, फौजी अक्षर. डावीकडे हिंदी शब्द, मग मराठी अर्थ, आणि वाचनमालेतल्यासारखं प्रत्येक शब्दाचं एक वाक्य. पहिल्या पानावर, सभेच्याच दिवसाच्या तारखेखाली, दोनच शब्द होते.

चेष्टा : प्रयत्न, धडपड. कुसुम ने बहुत चेष्टा की।

शिक्षा : शिक्षण. कुसुम की शिक्षा मैंने बंद कराई।

ताईनं ते मोठ्यानं वाचलं. दुसऱ्या वाक्याखालून मास्तरणीसारखं बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. "वाक्य अगदी बरोबर लिहिलंय गं आबांनी," ती म्हणाली, आणि तोंडात पदर कोंबून हमसून हमसून रडायला लागली.