सहा जणांची एक पार्टी

पैसे भरून लीड, म्हणजे गिऱ्हाइकांचे नंबर, घ्यावेत का, असं विरारमधले घरांचे नवे एजंट मला अजून विचारतात. मी सांगते, घ्या बाबांनो, हौस असेल तर घ्या. फक्त विकणाऱ्याचा चेहरा नीट लक्षात ठेवा.

मी ठेवला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आणि जिभेवर साखर. माझ्या गाळ्यात बसून माझाच चहा पीत तो म्हणाला, "ताई, जाहिरात बघून जो घरासाठी नंबर देतो, तो नंबर फक्त तुम्हाला. एक्सक्लुझिव्ह." तोवर माझा धंदा तोंडी चालायचा. कुणाची वहिनी, कुणाचा साडू, असं करत पार्टी यायची. आमच्यात गिऱ्हाइकाला पार्टीच म्हणतात. मला वाटलं, असं किती दिवस चालायचं? गाळ्याच्या भाड्यासाठी ठेवलेले पैसे मी त्याच्या पॅकेजात घातले.

पहिली लीड आली. फोनवर माणूस गोड बोलला, रविवारी घर बघायला येतो म्हणाला. मी बिल्डिंगच्या गेटवर पोचले तर आमच्याच भागातले पाच एजंट तिथे उभे. सगळे त्याच माणसाची वाट बघत; तोच नंबर त्यांनाही 'फक्त तुम्हाला' म्हणून विकलेला. तो रिक्षातून आला, आम्ही सहाही जण एकदम धावलो आणि त्या बिचाऱ्याने घाबरून रिक्षा तशीच वळवली.

हसून सोडून दिलं असतं, पण त्या पाचांत मला हा धंदा शिकवणारे काका होते. आमच्याकडे एक रीत आहे. पार्टीला ज्याने आधी गाठलं, ती त्याची. दुसरा मध्ये पडत नाही, उलट आपल्याकडच्या घराची चावी त्याला देतो आणि दलाली अर्धी-अर्धी होते. ना कागद, ना सही. "माझी पार्टी तोडायला आलीस?" काका चारचौघांत म्हणाले. लीडचा मेसेज दाखवायला मी मोबाईल पुढे केला, तर त्यांनी तो बघितलाही नाही. त्या दिवसापासून त्यांच्या चाव्या मला बंद झाल्या आणि हळूहळू इतरांच्याही. चावी नाही तर दाखवणार काय, कपाळ? वर्षाच्या आत गाळा गेला. आता घरातूनच जमेल तसं करते.

पांढऱ्या शर्टाला मी फोन करून जाब विचारला होता. तो म्हणाला, "ताई, तुमचा फॉलोअप कमी पडला." माझ्या अंगाची आग आग झाली. ती अजून विझलेली नाही आणि मला विझवायचीही नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याचाच फोन आला. बायकोला दिवस गेलेत, मालक घर खाली करायला सांगतोय, भाड्याचं काही असेल तर बघा ना. मेल्याला लाजही वाटली नाही. मी आवाजात मध ओतला. "आहे एक. अजून कुणालाच दाखवलेलं नाही."

घर अर्नाळ्याच्या एका मावशींचं होतं. मुलाने घेऊन ठेवलेलं, पण भाडेकरू मावशीच ठरवायच्या आणि माझ्या शब्दाबाहेर जायच्या नाहीत. येताना माझ्यासाठी पिशवीभर सुकट आणायच्या. रविवारी अकराला मी त्याला बोलावलं. अकरालाच आणखी पाच कुटुंबांना बोलावलं.

जिन्यातली गर्दी बघून त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं. बायकोला नाही. तिने स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला, पाणी कधी येतं ते मावशींना विचारलं, मग आतल्या खोलीत जाऊन त्याला म्हणाली, "पाळणा इथे." मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

एकेक करत सगळे बाहेर पडले. मावशी म्हणाल्या, "कोनाला देऊ गं? माला ती पोटुशी पोरगी बरी वाटते."

मी मुद्दाम मोठ्याने बोलले. "बाकी कुणालाही द्या, मावशी. त्या माणसाला नको. तो एकच वस्तू सहा जणांना विकतो आणि प्रत्येकाला सांगतो, फक्त तुमचीच."

"तू सांगतेस तर नको," मावशी म्हणाल्या. "पन पोरगी बरी होती."

दाराबाहेर तो वाकून बायकोच्या सँडलचा पट्टा लावत होता. तिला आता वाकता येत नव्हतं. त्याचा हात थांबला. तिने वरून त्याच्याकडे बघितलं.

"काय विकलंत तुम्ही?"

मावशींनी मला दार लोटायला सांगितलं. मी लोटलं नाही. मला त्याचं उत्तर ऐकायचं होतं.