खाचेतले खडे

हिस्किया उइराबसमोर चाक आणून ठेवले की तो आधी पंक्चर बघत नाही. उकिडवा बसतो, टायरच्या खाचांवरून अंगठा फिरवतो आणि बारीक पेचकसाने एकेक खडा काढून पत्र्याच्या तुकड्यावर मांडतो. मग गाडीवाल्याकडे न बघताच विचारतो, "उत्तरेच्या पाणवठ्यावर बराच वेळ थांबला होतात. सिंह होते वाटतं?"

गाडीवाला चमकून बायकोकडे बघतो. "होते. पण तुम्हाला कसं कळलं?"

"चाक जागच्या जागी किती वेळा वळवलंत ते बघा, कड घासलीय. जिराफ दिसला की माणूस गप्प बसून राहतो. हत्ती आला की गाडी मागे घेतो. सिंहासाठी मात्र पुढे-मागे, पुढे-मागे. शेजारच्याची गाडी फोटोत यायला नको ना!"

एतोशा या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाबाहेर आमचा पेट्रोल पंप आहे. भाड्याच्या गाड्या स्वतः चालवत, कॅमेरा मांडीवर घेऊन लोक आत जातात आणि पांढऱ्या धुळीत माखून बाहेर येतात. मी पंपावरच्या दुकानात बर्फ, सरपण आणि सुके मांस विकते. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये हिस्किया. थोराला आमच्याकडे ऊम म्हणतात, म्हणून तो सगळ्या गावाचा ऊम हिस्किया. मी पंचेचाळिशीची झाले तरी त्याच्या लेखी पोरच.

बावीस वर्षे तो उद्यानातल्या रस्त्यांवर खडी पसरायच्या कामावर होता. कुठल्या रस्त्याला कुठल्या खाणीतली खडी, हे त्याच्या बोटांना पाठ आहे. काम सुटल्यावर अकरा वर्षांत तो एकदाही आत गेला नव्हता. "कशाला जाऊ? लोकच रोज आणून दाखवतात." आणि खरेच, पंक्चर काढून झाले की तो हात पुसून फोटो मागायचा. कॅमेऱ्याच्या आगपेटीएवढ्या काचेत डोळे घालून बसायचा आणि फोटो काढणाऱ्याला जे दिसले नव्हते त्यावर बोट ठेवायचा. "हे वारूळ कशाला काढलंत? बरं, काढलंत ते काढलंत, त्याच्या मागचा तो कान बघा. बिबट्या आहे. तुम्ही त्याला बघत नव्हतात, तो तुम्हाला बघत होता." कितीतरी माणसे न पाहिलेले जनावर आमच्या पंपावरून घेऊन गेली आहेत.

गेल्या जुलैत टीन्के नावाची एक डच बाई आली. अडुसष्ट वर्षांची, एकटीच. आयुष्यभर पोरांना पोहायला शिकवलेले, त्यामुळे खांदे एखाद्या बाप्यासारखे. आदल्या संध्याकाळी आत मुक्कामावर चाक बसले, ते तिने स्वतःच बदलले होते. तिची डच आणि आमची आफ्रिकान्स या चुलतबहिणी, त्यामुळे बोलण्यात काही अडले नाही. हिस्किया तिला मेव्राऊ, म्हणजे बाईसाहेब, म्हणू लागला.

हिस्कियाने चाक बाजूला ठेवले आणि आधी फोटो मागितले. चारशे होते. "मेव्राऊ, एवढ्या वेळात तर झेब्र्याचे पट्टे मोजून झाले असते," असे म्हणत तो एकेक पुढे सारत होता. एका फोटोवर त्याचे बोट थांबले.

पाणी पिणारा जिराफ होता. पुढचे पाय फाकून मान खाली घातलेली. चांगला फोटो होता, पाण्याचे थेंब हवेत थांबलेले.

"मोठा करा. मागचा पाय. डावा."

टीन्केने मोठा केला. खुराच्या वर पाय सुजून दुप्पट झाला होता आणि सुजेच्या मधोमध एक बारीक रेघ रुतली होती. रेघेला पितळी चमक होती.

"मला चिखल वाटला," टीन्के म्हणाली.

हिस्किया उठून शेडच्या मागे गेला. तिथे बाद टायरांची रास असते. मी त्याच्या मागून गेले. तो राशीपुढे उभा होता, जशी माणसे कबरीपुढे उभी राहतात, हातांचे काय करावे ते न कळून.

"टायरच्या कडेत असते तशी तार," तो म्हणाला. "टायर जाळला की रबर जातं, तार उरते. तिचा फास करतात. मेमध्ये एरहार्ड गाढवगाडी घेऊन आला होता. शेळ्यांना पाणी ठेवायला टायर हवेत म्हणाला. मी अकरा दिले."

एरहार्ड म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा जावई.

"ऊम, जगात टायर काय तुमच्याकडेच आहेत?"

"नाहीत," तो म्हणाला. "पण माझ्याकडेही होते."

त्याने उद्यानाच्या कचेरीत फोन लावला. पलीकडचा माणूस भला होता. म्हणाला, जनावरांचा डॉक्टर दुसऱ्या टोकाला गेंड्यांच्या कामात आहे. जिराफ नेमका कुठे आहे ते कळले आणि कोणी त्याला नजरेत धरून ठेवले, तर दुपारनंतर तो येऊ शकेल. नाहीतर एवढ्या रानात एक जिराफ कुठे शोधायचा?

"कुठे काढलात हा फोटो?" हिस्कियाने विचारले.

टीन्केचा चेहरा पडला. "काल. तीन-चार पाणवठे केले. मला सगळे सारखेच दिसतात हो. पण हा शेवटचा, एवढं नक्की. यानंतरच चाक बसलं."

"हेच चाक?"

"हेच."

हिस्कियाने चाक ओढून घेतले. हवा गेलेल्या क्षणापासून ते कुठल्याच रस्त्यावर फिरले नव्हते. झाकण घट्ट लावलेल्या बरणीसारखे होते ते. तो खाली बसला आणि खडे काढू लागला. पांढरे, पांढरे, चुनखडीचे, सगळ्या रस्त्यांवर असतात तसे. पंपावर दोन गाड्या येऊन वाट बघत होत्या, त्यांच्याकडे त्याने मान वळवली नाही. मग मधल्या खाचेतून एक तांबूस खडा निघाला. पाठोपाठ तसेच आणखी चार. त्याने एक जिभेवर ठेवला, चोखला, थुंकला.

"जुनी खाण. एकच पावसाळा चालवली, मग पाणी भरलं तिच्यात. सात किलोमीटरच्या एकाच तुकड्यावर ही खडी आहे. मीच टाकलीय." त्याने शेडचे दार लावले. "चला, मेव्राऊ. पोरी, तूही चल."

"माझं दुकान?"

"बर्फ काय पळून जातोय?"

"उन्हात ठेवला तर पळतो, ऊम!" पण मी कुलूप लावले.

फाटकातून आत शिरल्यावर टीन्के डावीकडे-उजवीकडे बघत गाडी हाकत होती. "तुम्ही रस्त्याकडे बघा," हिस्किया म्हणाला. "चालवणारा आणि बघणारा एकच असला की दोन्ही कामं अर्धी होतात." तो स्वतः काही शोधत आहे असे वाटत नव्हते. म्हातारे चर्चमध्ये बसतात तसा बसला होता. मध्येच म्हणायचा, "उजवीकडे गेंडा," आणि गाडी थांबवायची नाही अशी हाताने खूण करायचा. टीन्के हळहळायची. गेंडा मागे राहायचा.

तांबूस रस्ता लागला. पाणवठ्यावर झेब्रे होते, शहामृग होते, जिराफ एकही नव्हता.

"लंगडा आहे. कळपाबरोबर जाणार नाही, पाण्यापासून लांबही जाणार नाही. इंजिन बंद करा."

आम्ही बसलो. ऊन गाडीच्या टपावर चढले. तासाभराने हिस्किया म्हणाला, "ती झाडं बघा. वाऱ्याने सगळी हलतायत. एक हलत नाही."

मला झाडेच दिसत होती. टीन्केने लांब भिंग लावून फोटो काढला, मोठा केला, कालच्या फोटोशेजारी धरला. मानेवर, कानाच्या खाली, फाटलेल्या पानासारखा ठिपका. दोन्हींत तोच.

तिथे फोन चालत नव्हता. आता येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर भिस्त. आत गाड्या एकमेकींना खिडकीला खिडकी लावून थांबतात, विचारपूस करतात. पहिली आली, काच खाली झाली. "काय आहे? सिंह?"

"जिराफ."

"नुसता जिराफ?" काच वर झाली.

दुसरीचेही तेच. तिसऱ्या गाडीपुढे टीन्केने आपली गाडी आडवीच घातली. त्यात राजधानीचे, विंडहुकचे, एक कुटुंब होते. त्यांनी निरोप मुक्कामाच्या कचेरीत पोचवला.

डॉक्टर आला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. शिकोंगो नावाचा तरुण माणूस, डोळे जागरणाने लाल. त्याने गुंगीच्या औषधाचा बाण मारला. जिराफ थोडा चालला आणि मग कोसळला. एवढे उंच काही पडताना बघू नये. माणसे धावली, डोळ्यांवर कापड टाकले, पक्कडीने तार तोडली. आम्हाला गाडीतून उतरायची मनाई होती. हिस्कियाचे दोन्ही हात खिडकीच्या कडेवर होते.

उलटे औषध दिल्यावर जिराफ दोनदा धडपडला आणि उभा राहिला. टीन्के फोटो काढत होती. हिस्किया पुटपुटत होता, "एक, दोन, तीन. एक, दोन, तीन." चौथा पाय अधांतरी होता. झाडांपाशी पोचता पोचता तो जमिनीला लागला, लगेच उचलला, पुन्हा लागला.

"टेकला," तो म्हणाला.

शिकोंगो खिडकीपाशी आला. तार त्याच्या हातमोज्यात होती, रक्ताने काळी. "हाड शाबूत आहे. आणखी आठवडा गेला असता तर पाय गेला असता. तुम्ही शोधलंत म्हणे?"

"तार टायरची आहे," हिस्किया म्हणाला.

"हो. हल्ली बहुतेक फास तिचेच."

"कुठल्या टायरची, ते सांगता येईल?"

"कुणालाच नाही येणार, ऊम."

तिथे थांबता आले असते. मी मनातून म्हणत होते, थांब. बहीण शेजारच्याच गल्लीत राहते, रविवारी तिच्याच घरी जेवतोस. त्याने डॉक्टरच्या हातातल्या तारेकडे बघितले. मग तार हवी असल्यासारखा हात पुढे केला, आणि घेतली नाही.

"कागद आहे?" तो म्हणाला. "मेमध्ये अकरा टायर मी दिलेत. कुणाला, ते सांगतो. त्याने खरंच शेळ्यांना पाणी ठेवलं असेल तर अकराच्या अकरा त्याच्या अंगणात असतील. जाऊन मोजा. आणि माझं नाव आधी लिहा."

शिकोंगोने वही उघडली. हिस्कियाने आपले नाव सांगितले, अक्षर न् अक्षर, सावकाश. मग एरहार्डचे.